माघारीची पंधरा मिनिटं

"बांधली बरं का," असं म्हणत काका सदऱ्याच्या खिशातून सुतळीचा वीतभर तुकडा काढायचे, समोरच्याच्या डोळ्यांदेखत त्यावर एक गाठ मारायचे आणि तुकडा पुन्हा खिशात सोडायचे. समोर नळाचा फिटर असो नाहीतर शहराचा महापौर, कुणी एखादं काम कबूल केलं की गाठ बसलीच. काम झालं की काका त्याच माणसाला शोधून काढायचे आणि त्याच्यासमोर नखानं ती गाठ मोकळी करायचे. "घ्या, सोडली. तुम्हीबी सुटले, मीबी सुटलो."

अशी एखादी लकब असलेला माणूस तुम्हीही पाहिला असेल. माणूस जातो, लकब मागं राहते.

मी तेव्हा महानगरपालिकेच्या सभा विभागात कारकून होतो. नगरसेवकांच्या सह्या घ्यायच्या, सभेचा वृत्तांत लिहायचा आणि मतदान झालं की वर गेलेले हात मोजायचे, हे माझं काम. काका नगरसेवक होते. कुठल्याच पक्षाचे नव्हते. शहागंजात त्यांचं दोरखंडाचं दुकान होतं. कासरे, दावी, चऱ्हाटं, सुतळी. मूळचे लासूर स्टेशनकडचे. वडिलांची जमीन चार भावांत वाटली गेल्यावर पाय ठेवायला जागा उरली नाही, म्हणून दोरांची दोन भेंडोळी खांद्यावर घेऊन शहरात आले, असं ते सांगायचे. दोनच होती की जास्त, ते मी पडताळलेलं नाही.

शाळा त्यांची निजामाच्या राज्यात, उर्दूतून, चौथीपर्यंत झाली. पोलीस ॲक्शननंतर शाळा मराठी झाली आणि काकांनी पाटी ठेवली ती ठेवलीच. त्यामुळं बोलण्यात मुद्दत, दस्तखत, तकरार असे शब्द यायचे आणि मला ते "मुन्शीजी" म्हणायचे. एकदा मी म्हटलं, "काका, गाठी कशाला मारता? अर्ज द्या, मी नोंद करून ठेवतो."

"नोंद तुमच्या कपाटात राहते मुन्शीजी. गाठ माझ्या खिशात राहते. बसलो की टोचते."

त्यांच्या बोटांना नेहमी काथ्याचे तंतू चिकटलेले असत. हजेरीपत्रकावर त्यांनी सही केली की शेजारी एखादा सोनेरी केस उरायचा. जुनी पानं उलटताना सही न वाचताही मला कळायचं, इथं काका येऊन गेले.

महापौराची निवडणूक तुमच्यापैकी बहुतेकांनी आतून पाहिलेली नसेल, म्हणून थोडं सांगतो. त्या वेळी महापौर एका वर्षासाठी निवडला जाई आणि नगरसेवकच त्याला निवडत. उमेदवारीच्या अर्जावर एक सूचक आणि एक अनुमोदक लागे. सभागृह भरलं की पीठासीन अधिकारी अर्ज वाचत आणि म्हणत, "माघारीसाठी पंधरा मिनिटं." या पंधरा मिनिटांत कुणी माघार घेतली आणि एकच उमेदवार उरला, तर निवड बिनविरोध. नाहीतर हात वर करून मतदान.

बहुमत कुणाकडं आहे हे आधीच सगळ्या शहराला माहीत असे. पण "बिनविरोध" या शब्दाची गोडी वेगळीच. जिंकणाऱ्याला नुसतं जिंकून समाधान होत नसे, त्याला बिनविरोध जिंकायचं असे. काकांनी हे ओळखलं होतं. ते दर वर्षी अर्ज भरायचे. सूचक त्यांच्या चहाचा सोबती, अनुमोदक शेजारच्या वॉर्डातला. दोघंही अपक्ष, दोघंही काकांसारखेच एकटे. मग त्या पंधरा मिनिटांत जिंकणारा काकांच्या खुर्चीपाशी यायचा आणि काका एक काम मागायचे. एकच. दोन कधी नाही.

पहिल्या वर्षी कोपऱ्यावरचा विजेचा खांब मागितला. खांब उभा राहिला, दिवा लागला, गाठ सुटली. दुसऱ्या वर्षी उघड्या गटारावर फरशा मागितल्या. त्या आठ महिन्यांनी पडल्या. त्या आठ महिन्यांत महापौर जिथं भेटतील तिथं काका खिशात हात घालायचे. बोलायचे काहीच नाहीत. महापौर मात्र लांबूनच ओरडायचे, "पडतायत काका, पडतायत!"

काही जण याला अडवणूक म्हणत. मी पहिल्यांदा तसंच समजत होतो. नंतर पाहिलं की काकांच्या घरासमोर ना खांब होता, ना फरशा.

आता खरी गोष्ट.

सभेची विषयपत्रिका द्यायला मी त्यांच्या दुकानी जायचो. दुकान लहान, त्यामुळं बाजूच्या बोळीत मालाचे गठ्ठे रचलेले असत. मी त्या गठ्ठ्यांवर बसायचो. बैठक मऊ होती. दुकानाच्या पुढं एक मोठा माठ होता. काका रोज सकाळी तो स्वतः भरायचे. हमाल, गिऱ्हाईक, रिक्षावाले, ज्याला हवं त्यानं प्यावं. समोरच्या कडेला सात भाजीवाल्या ओळीनं बसायच्या. त्यांतली पहिली मेथी विकायची. सिल्लोडच्या रस्त्यावरच्या एका खेड्यातून पहाटेची एसटी पकडून यायची.

एक दिवस मी बसलेलो असताना काकू जेवणाचा डबा घेऊन आल्या. डबा ठेवला आणि रस्त्याकडं बघत म्हणाल्या, "तुमच्या माठाचं पाणी ती मेथीवाली पीत नाय, कधी ध्यानात आलं का?"

"नसंल लागत तहान," काका डबा उघडत म्हणाले. "बायांना तहान कमीच असती."

"उन्हात बसून? सकाळी सातला येती, संध्याकाळी सहाला जाती."

"मंग का पीत नाय?"

"पिऊन जाईल कुठं?" काकू म्हणाल्या. "तुम्हाला भिंती हैत. तिला काय हाय? अन् तुम्ही नगरसेवक म्हणं."

काकांचा घास हातात राहिला. त्यांनी रस्त्याकडं पाहिलं. मीही पाहिलं. सात बायका, सात पाट्या. एकीजवळही तांब्या नव्हता. सात ते सहा म्हणजे अकरा तास, हा हिशोब मी मनात केला. मी तिथं किती वेळा येऊन बसलो असेन, आणि पाणी पिऊन गेलो असेन.

काका उठले, तांब्या भरला, रस्ता ओलांडून मेथीवालीपुढं धरला. "बाई, घ्या पाणी."

"नको शेठ," ती जुडी बांधता बांधता म्हणाली. "सवय झालीय."

काका तांब्या घेऊन परत आले. पाणी माठात ओतलं. उरलेलं जेवण जेवले नाहीत. काकू मात्र डबा आवरताना म्हणाल्या, "आता न जेवून काय व्हनार? मागा की, मागायला तर तुम्ही लई पटाईत हैत."

त्या वर्षी नवे महापौर उभे होते. सडपातळ, हसतमुख, पाठीवर थाप मारून बोलणारा माणूस. माघारीची पंधरा मिनिटं सुरू झाली तसे ते काकांच्या खुर्चीशी आले.

"बोला काका. या वेळी काय, खांब की फरशा?"

"सोय पाहिजे," काका म्हणाले.

"कसली?"

काकांनी इकडं तिकडं पाहिलं. "बायांची."

"बायांची काय?"

"सोय हो!"

"अहो पण कसली सोय?"

सभागृह कान देऊन ऐकत होतं. काका कानशिलापर्यंत लाल झाले. शेवटी त्यांनी माझ्याकडून एक कोरा कागद घेतला, त्यावर काहीतरी लिहिलं आणि घडी घालून महापौरांच्या हातात दिला. महापौरांनी तो वाचला आणि मोठ्यानं हसले. "एवढंच ना? शहागंजात? झालं समजा!"

"बांधली बरं का."

माघारीच्या अर्जावर सही झाली, निवड बिनविरोध झाली. वृत्तांतात काय लिहायचं म्हणून मी काकांना विचारलं. ते म्हणाले, "सोय लिहा. ज्याला कळायचं त्याला कळंल." मी "महिलांसाठी प्रसाधनगृह" असं लिहिलं. तेही कितपत कुणाला कळलं, देव जाणे.

मग जागेचा शोध सुरू झाला. महापौर म्हणाले, जागा दाखवा, बांधून देतो. काका दुकानोदुकानी फिरले. सगळ्यांनी मान डोलावली. कापडवाल्यानं तर काकांचा हात हातात घेतला. "काम तो बहुत नेक है काका, लेकिन मेरे बाजू में नक्को." मिठाईवाला म्हणाला, "मिठाईच्या शेजारी शोभंल का तुम्हीच सांगा." भांडीवाल्याच्या सासऱ्यांचा विरोध होता, ते परगावी राहत असूनही. काका एकेकाची नक्कल करून सांगायचे आणि आम्ही हसायचो. मी गठ्ठ्यांवर बसून यादी करत होतो. अकरा दुकानं झाली. अकरा "हो" आणि अकरा "पण".

वर्ष गेलं. गाठ खिशातच राहिली.

पुढच्या निवडणुकीला तेच महापौर पुन्हा उभे राहिले. माणूस लोकप्रिय होता, बहुमत पक्कं होतं. समोर काकांशिवाय कुणाचाही अर्ज नव्हता. सभागृहाच्या दारावर कार्यकर्त्यांनी आदल्या दिवशीच कापडी फलक लावून टाकला होता: "सलग दुसऱ्यांदा बिनविरोध!" काका तर दर वर्षी माघार घेतातच, तेव्हा फलक आधी रंगवायला हरकत काय, असा त्यांचा विचार. खाली बँडवाले तयार, पेढ्यांचे खोके तयार.

काकांनी दारात उभं राहून फलक अक्षर अक्षर वाचला. शेजारी उभ्या असलेल्या पेंटरला विचारलं, "रंग वाळला का?"

"व्हय काका, रातच्यालाच."

"मंग अवघड झालं," काका म्हणाले आणि आत येऊन सही करून गेले. हजेरीपत्रकावर अठ्ठावन्न सह्या झाल्या. एका सहीशेजारी काथ्याचा तंतू.

"माघारीसाठी पंधरा मिनिटं," पीठासीन अधिकाऱ्यांनी सांगितलं आणि मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. मी माघारीचा अर्ज आणि पेन घेऊन काकांच्या खुर्चीजवळ उभा राहिलो, हे दर वर्षीचंच होतं. महापौर आले, खुर्ची ओढून बसले.

"काका, सही करा अन् मला मोकळं करा. बँडवाले उन्हात उभे आहेत."

काकांनी सुतळीचा तुकडा काढून टेबलावर ठेवला. वर्षभर खिशात राहून गाठ काळी पडली होती.

"ही तुमची."

"ठाऊक आहे. पण जागा कुठंय? अकरा जणांना विचारलंत तुम्ही. आज मी बाराव्याला विचारतो."

"बारावा कोण?"

"तुम्ही." महापौरांनी खिशातून एक घडी घातलेला नकाशा काढला. आवाज चढा नव्हता, उलट थोडा हसराच होता. "तुमच्या दुकानाची बाजूची बोळ. नऊ फूट बाय चौदा. पालिकेची जागा आहे काका. वीस वर्षं तिथं तुमची चऱ्हाटं झोपलीत."

मी पेन धरून उभा होतो. त्या गठ्ठ्यांवर बसूनच मी अकराची यादी केली होती. अकरानंतर बारा येतो, हे मला सुचलं नव्हतं. काकांनाही सुचलं नव्हतं. ते सोंग नव्हतं. वीस वर्षं ज्या जागेवर आपला माल असतो, ती जागा म्हणून दिसतच नाही, आपला हात दिसत नाही तशी.

काका मागं टेकले. महापौर पुढं झुकले आणि हळू आवाजात म्हणाले, "कुणाला सांगायची गरज नाही. माल तिथंच राहू द्या. तुम्ही माघार घ्या, सोयीचं पुढं बघू. तुमचंही चाललंय, माझंही चालू द्या."

"मुन्शीजी, मुद्दत किती राहिली?"

"सहा मिनिटं."

काकांनी नकाशा उचलला, डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. बोळीतून बोट फिरवलं. मग म्हणाले, "खरं हाय. परवापस्तोर बोळ खाली व्हईल."

महापौरांनी सुस्कारा सोडला. "शाब्बास. करा मग सही."

"सही नाय करत."

"का? आता काय राहिलं?"

"मागच्या साली मी कागदावर लिहून दिलं. तोंडानं बोललो नाय, लाजलो. अशी कोपऱ्यात कुजबुजून मागितलेली गोष्ट कोपऱ्यातच राहती साहेब. आवंदा हात मोजू."

"तीन पडतील काका."

"तर तीन. अन् एका कामाला दुसरी गाठ मी मारत नाय. गाठीवर गाठ बसली की सुतळी कापावी लागती."

पंधरा मिनिटं संपली. अधिकाऱ्यांनी घड्याळ मनगटावर चढवलं आणि मतदान जाहीर केलं. तेवढ्यात काका उभे राहिले. आवाज त्यांचा एरवी बारीक, पण त्या दिवशी मागच्या बाकापर्यंत गेला.

"साहेब, माझी उमेदवारी शहागंजच्या बाजारात बायांसाठी संडास-मुतारी व्हावी म्हणून हाय. जागा माझ्या दुकानाशेजारची. लिहून घ्या."

सभागृहात हशा पिकला. कुणीतरी ओरडलं, "काका, नाव घेतलं की हो!" अधिकाऱ्यांनी टेबल वाजवून, भाषणाला परवानगी नाही म्हणून सांगितलं. काका बसले. कान लाल होते, पण मान वर होती. उजवीकडच्या बाकांवर नगरसेविका बसत. तिथं कुणी हसलं नव्हतं. ते मी तेव्हा पाहिलं, अर्थ मागाहून लागला.

विद्यमान महापौरांच्या बाजूनं हात वर झाले. मी दोनदा मोजले. पंचावन्न. मग काकांच्या बाजूनं. काका, सूचक, अनुमोदक. तीन. आणि उजवीकडून एक. चार.

पंचावन्न आणि चार एकोणसाठ. सह्या अठ्ठावन्न.

अधिकाऱ्यांच्या कानाशी जाऊन मी म्हटलं, "साहेब, बेरजेत एक हात जास्त येतोय." त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की माझीच कपाळपट्टी भिजली. निकालात काही फरक पडणार नव्हता, हे मलाही कळत होतं. पण सह्या आणि हात जुळत नसताना मी कागद पुढं सरकवू शकत नव्हतो. त्यांनी जाहीर केलं, "कुणी दोन्ही बाजूंनी हात वर केला आहे का?"

मग दुसऱ्या रांगेतल्या एक ताई उभ्या राहिल्या. महापौरांच्याच पक्षाच्या. वर्षभरात सभागृहात त्यांचा आवाज मी ऐकला नव्हता. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "मीच साहेब. पहिला हात पार्टीचा व्हता. दुसरा आपसूक गेला."

"ताई, दोन हात धरता येत नाहीत. एकच. कुठला धरायचा?"

ताईंनी पक्षाच्या गटनेत्याकडं पाहिलं. गटनेता छताकडं पाहत होता. "पहिलाच धरा," त्या म्हणाल्या. "पण दुसराबी गेला व्हता, एवढं लिवा कुठंतरी."

"तशी तरतूद नाही," अधिकारी म्हणाले.

तरतूद नव्हती म्हणून मी वृत्तांतात लिहिलं नाही. आज लिहितो आहे.

पंचावन्न विरुद्ध तीन. विद्यमान महापौर मोठ्या फरकानं पुन्हा निवडून आले. पहिली टाळी काकांनी वाजवली. हार घालायलाही तेच पुढं. खाली फलकाचा पेच उभा राहिला होता. "बिनविरोध" तर खोटं ठरलं, आणि फलक काढावा तर दार बोडकं दिसणार. कार्यकर्ते एकमेकांवर खेकसत होते. काकांनी दुसऱ्या खिशातून सुतळीचा नवा तुकडा काढला, फलकाचं शेवटचं टोक मागं दुमडलं आणि बांधून टाकलं. "सलग दुसऱ्यांदा" एवढंच उरलं. "हे तर खरं हाय ना?" ते म्हणाले. महापौरांनी कपाळावर हात मारला आणि त्यांना पेढा भरवला.

जिन्यात महापौरांनी ताईंना गाठलं. मी मागंच होतो. "ताई, हे काय हो?" त्यांच्या आवाजात राग नव्हता, कोडं पडल्यासारखं होतं.

"आज घरी गेल्यावर वहिनींना विचारा," ताई म्हणाल्या. "सभेच्या दिवशी मी सकाळपासून चहा घेत नाय, का ते."

काय विचारलं आणि काय उत्तर मिळालं, मला माहीत नाही. पण आठवड्याच्या आत बोळीची आखणी झाली.

त्याआधी काकांनी दोन दिवसांत बोळ रिकामी केली होती. गठ्ठे दुकानात मावेनात म्हणून घरी गेले. काकूंनी मला सांगितलं, "खाटंखाली कासरे, फळीवर दावी. रातच्याला हात लांबवला तर चऱ्हाट हाताला लागतं. पण बोलायची सोय नाय, मीच तोंड उघडलं व्हतं." आणि हसल्या. दुकानात माझी बैठक मात्र गेली. तेव्हापासून मी उभाच राहायचो.

बांधकामाला चार महिने लागले. कापडवाला रोज येऊन बघायचा आणि म्हणायचा, "दीवार जरा उंची रखो, काका." मिठाईवाल्यानं उद्घाटनाला पेढे दिले.

उद्घाटनाला महापौर आले. ताईंनाही बोलावलं होतं, फीत त्यांच्याच हातानं कापायची ठरली होती. फीत कापली, टाळ्या झाल्या. मग काकांनी ती काळी सुतळी काढून महापौरांपुढं धरली. "आता ही सोडू."

महापौरांनी हौसेनं हातात घेतली. नखानं प्रयत्न केला. दातानं केला. गाठ हलेना. त्यांनी ताईंच्या हातातली कात्री घेतली, तसे काका एकदम पुढं झाले. "कापायची नाय! सोडायची."

"अहो, दीड वर्षाची गाठ आहे ती!"

"म्हणूनच."

उन्हात सगळे उभे. बँडवाले काय वाजवावं म्हणून पाहत राहिले. काकांनी गाठ दोन तळव्यांमध्ये घेऊन चोळली, मुळाशी थुंकी लावली, हळूहळू एक पदर ओढला. मी घड्याळ पाहिलं, सवयच ती. चार मिनिटं लागली. "घ्या," काका म्हणाले. "सुटले तुम्ही."

महापौरांनी तो तुकडा मागून घेतला. त्याचं त्यांनी काय केलं ते मला माहीत नाही.

महिनाभरानं मी दुकानी गेलो तर काकांनी लांबूनच हाक मारली. "मुन्शीजी, इकडं या. आज माठ किती येळा भरला, सांगा."

"एकदा?"

"तीनदा!" त्यांनी तीन बोटं वर केली. निवडणुकीत तीन हात पडले तेव्हा एवढे खूष दिसले नव्हते. "दुपारपस्तोर दोन येळा, अन् आता हा तिसरा. लिहून घ्या."

मी लिहून घेतलं नाही, पण विसरलोही नाही.

पालिकेच्या पुढच्या निवडणुकीत काकांचा वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला. मला वाटलं, खट्टू होतील. त्यांना विचारलं तर म्हणाले, "बरं झालं. मला एक नाव घ्यायला वरीस लागलं. त्या घेतील चटदिशी." त्यानंतर ते सभागृहात आले नाहीत. महापौराच्या निवडणुका होत राहिल्या. बहुतेक वेळा एकच अर्ज. तरी नियमाप्रमाणं पंधरा मिनिटं द्यावीच लागत. सगळे गप्पा मारत, पेपर वाचत. मी माघारीचा अर्ज आणि पेन घेऊन कुणाच्याही खुर्चीजवळ उभा नसायचो. पंधरा मिनिटं इतकी लांब असतात, हे मला तेव्हा कळलं.

काका गेले त्याला बरीच वर्षं झाली. उन्हाळ्यात, झोपेत, कुणाला त्रास न देता गेले. काकूंनी सदरे वाटायला काढले तेव्हा प्रत्येक खिसा तपासला. तुकडे निघाले अकरा. गाठ एकावरही नव्हती.

दुकान आता जावई बघतो. जास्त माल नायलॉनचा. गेल्या उन्हाळ्यात काही कामानं शहागंजला गेलो होतो. भर दुपार होती. माठ जागेवर होता. मेथीवाली आता थकलीय, पाटी तिची सून सांभाळते, ती नुसती शेजारी बसते. मी सावलीला उभा होतो. ती गुडघ्यावर हात टेकून उठली, रस्ता ओलांडून आली, माठावर बोटांच्या पेरांनी टकटक केलं. माठ पोकळ वाजला.

"ओ जावईबापू," तिनं आत तोंड करून हाक मारली, "दुसऱ्यांदा रिकामा झाला. भरता का मी भरू?"